राजीनामा लिहू नका, आधी पासबुक उघडा

पत्र : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये जुलै २०१९ पासून मशीनवर आहे. आम्ही तीसेक जण आहोत. पगार महिना १३,००० ठरलेला. वेळ ९ ते ६, पण महिन्यातले वीस दिवस तरी ८ वाजतात; जादा तासाचे ६० रुपये देतात. मागच्या महिन्यात १८ हाफ पँट अल्टरला आल्या म्हणून माझे १,१५० कापले. पीएफ कापतात, पण भरतात की नाही ठाऊक नाही. मुलीच्या फीसाठी १५,००० उचल घेतली होती, ९,००० फिटायची आहे. दिवाळीनंतर मी जादा तासाचं विचारलं, तेव्हापासून सुपरवायझर सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलतो. मला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलंय. दोन कोऱ्या व्हाउचरवर सह्याही घेतल्या. आता मालक म्हणतात, "राजीनामा लिहून दे, हिशेब करून टाकू." मालक आमच्याच समाजातले. जानेवारीत त्यांच्या मुलीचं लग्न आहे, पत्रिका घरी आली आहे. राजीनामा देऊन मोकळी होऊ का? तक्रार केली तर दुसरीकडे काम मिळेल का? आणि लग्नाला जाऊ की नको?
— एक भगिनी, विडी घरकुल, सोलापूर

ताई,

राजीनामा लिहू नका. मालकांनी काढलं, तर का काढलं, नोटीस दिली का, भरपाई दिली का, हे सगळं त्यांना दाखवावं लागतं. तुम्ही दोन ओळी खरडून दिल्यात की हे प्रश्नच मिटतात. "घरगुती अडचणीमुळे काम सोडत आहे" हे वाक्य सांगून लिहून घेतात ते त्यासाठीच. जबरदस्तीनं लिहून घेतलं असं पुढे सिद्ध करता येतं, पण ते काम फार जड जातं. तेव्हा कुणी कागद पुढे केलाच तर "घरी विचारून सांगते" म्हणा आणि उठा.

तुमच्या बाबतीत घाई न करण्याला आणखी एक कारण आहे. पाच वर्षं पुरी झालीत, म्हणजे ग्रॅच्युइटीवर, नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशावर, तुमचा हक्क आहे. ती धरायची अशी : शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. तुमच्या पगाराला एका वर्षाचे ७,५०० होतात. सहा वर्षांचे ४५,०००. पण सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरतात. जुलै २०१९ ची तुमची हजेरी जानेवारी २०२६ मध्ये साडेसहा वर्षांच्या पुढे जाते आणि आकडा ५२,५०० होतो. आज राजीनामा दिलात तर हे साडेसात हजार सोडून दिल्यासारखं आहे. गड्ड्याची यात्रा उठेपर्यंत, म्हणजे जानेवारी संपेपर्यंत तरी मस्टरवर नाव राहू द्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये युनिट बंद होतं ते महिने कापू, असं कुणी म्हणेल. ते चालत नाही. कामगाराच्या चुकीमुळे न झालेला बंद सलग नोकरीतच मोजतात.

आता पीएफ. तुमच्या सगळ्या तक्रारींत ही सगळ्यात भक्कम आहे, कारण इथे साक्षीदार लागत नाही. नोंद सरकारकडे असते आणि ती मालकाला पुसता येत नाही. उमंग ॲपवर किंवा भविष्यनिर्वाह निधीच्या सदस्य पोर्टलवर यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा क्रमांक, टाकून पासबुक उघडा. यूएएन पगार स्लिपवर असतो. स्लिपच देत नसतील तर आधार आणि मोबाइलवरून तो पोर्टलवर शोधता येतो. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते : यूएएनला जोडलेला मोबाइल नंबर जुना असतो आणि ओटीपी येतच नाही. तसं असेल तर नंबर बदलण्याचं काम आधी करा, त्यासाठी मालकाच्या ऑफिसात जायची गरज पडू नये.

पासबुकात तीन गोष्टी बघा.

पहिली, रक्कम. १३,००० वर तुमचे १२ टक्के म्हणजे १,५६०, आणि मालकाचे तेवढेच. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या रकान्यात जातात, म्हणून तो आकडा कमी दिसतो. त्याला घाबरू नका. पण पगार १३,००० असून पासबुकात ७,००० वर हिशेब दिसला, तर ती वेगळी तक्रार होते.

दुसरी, महिने. एका महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायची असते. एखादा महिना मागेपुढे होतो, त्यावरून आरडाओरडा करू नका. चार-सहा महिने कोरे दिसले तर मात्र समजा की पगारातून कापलेला पैसा दुसरीकडे फिरतोय. कापून न भरणं ही नुसती थकबाकी राहत नाही, तो फौजदारी विश्वासघात ठरतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे.

तिसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. पासबुकात आस्थापनेचं नाव काय आहे आणि 'नोकरी सोडल्याची तारीख' या रकान्यात काही भरलंय का? एकाच छताखाली भावाच्या, बायकोच्या नावानं दोन-तीन फर्म दाखवून माणसं वाटून टाकायची, हा जुना खेळ आहे. पीएफ २० माणसांपासून लागतो, म्हणून प्रत्येक फर्ममध्ये १८-१९ दाखवतात. मधेच तुमचं नाव दुसऱ्या फर्ममध्ये ढकललं असेल तर ग्रॅच्युइटीच्या वेळी "ही आमच्याकडे तीनच वर्षं होती" असं ऐकायला मिळतं. पासबुक, सेवेचा तपशील, दोन्हींच्या प्रिंट आजच काढा. दहा-वीस रुपयांचं काम आहे.

पगार स्लिपवर नजर टाकताना व्यवसाय कराचा रकाना बघा. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर नाही. दर महिन्याला २०० कापत असतील तर ते चूक आहे, आणि ही चूक वाद न घालता दुरुस्त करून घेता येते. कामगार विम्याचे पाऊण टक्का, म्हणजे ९८ रुपये कापले जात असतील तर विम्याचं कार्ड मागून घ्या. कार्ड हातात नसेल तर दवाखान्यात अडचण येते.

जादा तासांचा हिशेब सोपा आहे. १३,००० भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, म्हणजे साधा तास साडेबासष्ट रुपयांचा. जादा तास दुप्पट दरानं, १२५. तुम्हाला मिळतात ६०, म्हणजे साध्या तासापेक्षाही अडीच रुपये कमी! दोन तास, वीस दिवस, चाळीस तास; तासामागे ६५ रुपये तूट, महिन्याला २,६०० रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन करता येतो. पगार दिला आणि पुरा दिला हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर असते. दावा खरा ठरला तर मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे. दहा पट मिळेलच असं समजून चालू नका. पण बोलणीत हा आकडा मालकाच्या सल्लागाराला ठाऊक असतो, तो तुम्हालाही ठाऊक असावा.

मात्र तास तुम्हालाच आधी मांडून दाखवावे लागतात. मस्टरवर सगळ्यांची वेळ ६ लिहिलेली असते. म्हणून एक साधी वही घ्या, सुट्या पानांची नको. रोज रात्री तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, कोणत्या शाळेचा माल, कोणतं काम, एवढंच. एका बैठकीत, एकाच पेनानं लिहिलेले सहा महिने लगेच ओळखू येतात, तसं करू नका. मागचं आठवून लिहायचं असेल तर वेगळ्या पानावर "आठवणीप्रमाणे" असं लिहूनच मांडा. वहीला जोड म्हणून कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे "आज ८ पर्यंत थांबायचं" असले निरोप. ग्रुपमधून काढून टाकण्याआधी ती चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन जवळ असलेला बरा. तेव्हा हा फोन निकाल लागेपर्यंत विकू नका, बदलू नका.

अल्टरचे १,१५०. इथे दंड आणि नुकसानभरपाई यांत गल्लत होते, आणि मालक मुद्दाम ती होऊ देतात. दंड महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. तुमच्या पगाराला ३९० रुपये. मालाच्या नुकसानीपोटी कापायचं तर ते नुकसान थेट तुमच्या हयगयीनं झालंय हे दाखवावं लागतं, तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. अठरा हाफ पँट अल्टरला आल्या, म्हणजे बहुधा उसवून पुन्हा शिवून गेल्या असणार. मग नुकसान किती? दोरा आणि वेळ. कापड वाया गेलं नाही, पार्टीनं माल परत केला नाही, तर १,१५० कुठून आले, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

चूक कोणत्या टप्प्यावर झाली हेही महत्त्वाचं. शिवण ओढली गेली तर मशीनच्या दोऱ्याचा ताण बघायचा असतो. दोन पाय लहान-मोठे आले तर ते कटिंगचं. कडेला धागा सुटला तर ओव्हरलॉकचं. बंडलचं तिकीट अठरा पँटसोबत होतं का, त्यावर तुमचाच नंबर होता का? यापुढे बंडल हातात घेतलं की तिकिटाचा फोटो काढायची सवय लावा. कट चुकीचा दिसला तर शिवण्याआधी सुपरवायझरला दाखवा आणि ग्रुपवर एक ओळ टाका : "बंडल नंबर अमुक, डावा-उजवा पाय कमी-जास्त आहे, शिवू का?" उत्तर आलं नाही तरी चालेल.

धागे कापायला बसवलंय, ते अपमानाचं आहे हे खरं. पण नाही म्हणू नका, बसा. नकार दिलात की "सांगितलेलं काम केलं नाही" हा ठपका फुकटात त्यांच्या हाती लागतो. पगार तोच असेपर्यंत या मुद्द्यावर भांडण्यात फारसं बळ नाही. पगार मदतनिसाचा लावला तर लगेच लेखी हरकत घ्या. सुपरवायझरचं बोलणं बाई म्हणून अंगाला लागेल असं, नको त्या अर्थाचं असेल, तर तो मार्ग निराळा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी आणि तिच्याकडे तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते.

उचलीची भीती बाळगू नका. ९,००० देणं आहे, ते आहे. हप्त्यानं पगारातून कापायला हरकत नाही, पण सगळी वजावट मिळून महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. उचल फिटली नाही म्हणून कुणाला कामावर अडकवून ठेवता येत नाही. ग्रॅच्युइटी रोखण्याची कारणं कायद्यात ठरलेली आहेत, त्यात उचल नाही. उचलीचे किती हप्ते गेले याची एक यादी मात्र करा. या हिशेबात दोन-तीन हप्ते हमखास विसरले जातात, आणि ते कामगाराच्या बाजूनं कधी विसरले जात नाहीत.

कोऱ्या व्हाउचरचं काम खाली दिलेल्या पत्रातच उरकून टाका. ते पत्र मालकांच्या नावानं, साध्या भाषेत, एका पानात :

"मी जुलै २०१९ पासून आपल्याकडे शिलाई मशीन ऑपरेटर आहे. दि. … रोजी माझ्या दोन कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेण्यात आल्या, त्यावर कोणतीही रक्कम लिहिलेली नव्हती व मला त्यापोटी रक्कम मिळालेली नाही. माझ्या जादा तासांचा दर, मागील महिन्यातील १,१५० रुपयांच्या वजावटीचा तपशील व भविष्यनिर्वाह निधीचा भरणा याची माहिती द्यावी. मला काम सोडायचे नाही, मी नियमित कामावर येत आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. धमकी, कलमं, 'कोर्टात खेचीन' यातलं काही घालू नका. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा, आणि पोहोचल्याचं ट्रॅकिंगचं पान छापून घ्या. ते नेटवर कायम राहत नाही. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीटच पुरावा आहे. उत्सुकतेनं फोडून टाकलेली अशी पाकिटं पुढे काही कामाची राहत नाहीत. आणि यापुढे सही करताना सहीखाली तारीख घाला, रकमेची जागा कोरी असेल तर आकडा स्वतःच्या हातानं लिहा.

पत्र गेल्यावर "उद्यापासून येऊ नको" असं तोंडी सांगतील, ही शक्यता आहे. तसं झालं तर घरी बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी ९ ला गेटवर जा. आत घेतलं नाही तर गेटवरूनच मालकांना मेसेज करा : "मी ९ वाजता कामावर आले आहे, मला आत सोडलेलं नाही." ओळीनं तीन दिवस. नाहीतर महिन्याभरानं त्यांचं पत्र येतं की बाई न सांगता यायची बंद झाली, आणि काढून टाकलेल्या बाईची 'सोडून गेलेली' बाई होते. मग वेळ मोजा. अनुचित कामगार प्रथेची तक्रार महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली ९० दिवसांत करायची असते. इतर मुदती लांबच्या आहेत, पण तुम्ही ९० हाच आकडा धरून चाला. आणि काढलं किंवा सोडलं, काहीही झालं तरी केलेल्या कामाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. "महिनाअखेरीला या" हे उत्तर चालत नाही.

कुठे जायचं? पीएफचं प्रकरण सोलापूरच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात, किंवा त्यांच्या तक्रार पोर्टलवर. वेतन, वजावट, कामावरून काढणं यासाठी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तुम्ही गेलाच नाहीत असं समजा. तिथे दोन्ही बाजूंना बोलावतात. पहिल्या तारखेला मालक सहसा येत नाहीत, दुसऱ्या तारखेला सल्लागाराला पाठवतात, आणि दर तारखेला तुमचा खाडा पडतो. थकवून सोडण्याचा हा प्रकार आहे. म्हणून एकटीनं जाण्यापेक्षा चार-पाच जणींनी सह्या करून जाणं कधीही बरं. युनियनची सदस्य झालात तर वेतनाचा दावा युनियनलाही लावता येतो. वकिलाच्या पैशाची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्री आणि औद्योगिक कामगार, दोन्ही नात्यांनी तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्नाचा दाखला न लागता. फोनवर विचारायचं तर १५१००.

तडजोड होत असेल तर करा. पण 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर ग्रॅच्युइटी, जादा तास, वजावट, रजेचे पैसे, उचल यांचे आकडे वेगवेगळ्या ओळींत असल्याशिवाय सही करू नका, आणि रक्कम बँकेत घ्या. नोटा मोजून दिलेल्या हिशेबाचा पुढे काही पुरावा राहत नाही.

दुसरीकडे काम मिळेल का? मालक मंडळी एकमेकांना ओळखतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. "ही तक्रार करणारी आहे" हे फोनवर सांगितलं जातं. तरी एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. गणवेशाचा सीझन. जूनमध्ये शाळा उघडतात, त्याआधी तीन-चार महिने हात कमी पडतात आणि सफाईदार शिवणारीला कुणी फार चौकशी करत बसत नाही. बोलणी करायची तर तीही तेव्हाच. पावसाळ्यात ऑर्डर ओसरल्यावर मालकाला तुमची गरज नसते. तासांबद्दलची तक्रार कारखाना निरीक्षकाकडे केली तर तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याचं बंधन त्याच्यावर असतं. पण तीस जणांच्या युनिटमध्ये, आणि नुकतंच तुम्ही जादा तासांचं विचारलेलं असताना, मालकांना नाव कळायला कागद लागणार नाही.

लग्नाला जा. नेहमीसारखा आहेर करा, जेवून या. तिथे कामाचा विषय तुम्ही काढू नका, आणि मालकांनी बाजूला घेऊन "आपल्यातलं आपल्यात मिटवू" म्हटलं तर "सोमवारी युनिटवर बोलू अण्णा" एवढंच म्हणा. अशा वेळी खिशातून कागद निघतो. चष्मा घरी राहिलाय म्हणा.